बुटक्याच्या पावलाची नोंद दुरुस्त करण्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
जमीन निर्धोक प्रमाणन शाखा,
जिल्हा कार्यालय, दुसरा मजला.

विषय : जुन्या वीटभट्टीमागील मैदानाचा निर्धोक दाखला रद्द करून ते मैदान सोमवारच्या आत पुन्हा मोजण्याबाबत.

संदर्भ : (१) माझे यापूर्वीचे सहा अर्ज. (२) आपल्या कार्यालयाची तीन उत्तरे. (३) सुरुंग मांडणी तक्ता क्र. १४, एकेचाळीस वर्षांपूर्वीचा, अर्जदाराच्या हस्ताक्षरातला.

महोदय,

१. मी, खाली सही करणार, वय बासष्ट, धंदा शिवणकाम, आपणांस सविनय कळवतो की वीटभट्टीमागच्या मैदानात एकशे वीस सुरुंग आहेत. ते मी पुरले आहेत. हे वाक्य मागच्या सहा अर्जांत मी शेवटी लिहिले होते. तिथपर्यंत कोणी पोहोचले नसावे असे आपल्या उत्तरांवरून वाटले, म्हणून या वेळी आधीच लिहीत आहे.

२. येत्या सोमवारी सकाळी साडेनऊ वाजता त्या मैदानाच्या पलीकडच्या टोकाला नवी प्राथमिक शाळा उघडत आहे. इमारतीचे सामान भट्टीकडच्या रस्त्याने आले, त्यामुळे बांधकामाच्या वेळी मैदानात कोणाचा पाय पडला नाही. शाळेचे फाटक मात्र अलीकडे, जुन्या पंपाशी बसवले आहे. मुले फाटकातून रांगेने निघून सरळ मैदान ओलांडून वर्गात जातील, असे छापील कार्यक्रमात आहे.

३. आता लढाईविषयी. आपल्या पहिल्या उत्तरात, "सदर कालावधीत कोणतेही युद्ध झालेले नसल्याने सुरुंगांचा प्रश्न उद्भवत नाही," असे कळवले आहे. युद्ध जाहीर झाले नव्हते हे मला मान्य आहे. पलीकडच्यांनीही ते जाहीर केले नव्हते. अठ्ठावीस महिने दोन्हीकडून तोफा डागल्या गेल्या आणि दोन्हीकडून त्याला "सीमा बंदोबस्त" म्हटले गेले. तेवढ्या एकाच बाबतीत दोघांचे एकमत होते. जे सुरूच झाले नाही ते संपणार कसे? म्हणून तह झाला नाही, आणि तह नाही म्हणून सुरुंगांचे नकाशे कोणी कोणाला दिले नाहीत. शाळेच्या पुस्तकात हा सगळा काळ अर्ध्या ओळीत आहे, आणि उरलेल्या अर्ध्या ओळीत नव्या पुलाची लांबी आहे. आमच्या गावातून गेलेले चौसष्ट तरुण परत आले नाहीत. चौसष्टांच्याही दाखल्यावर मृत्यूचे कारण "रस्ता अपघात" असे आहे. त्या काळी गावात मोटारी तीन होत्या.

जे परत आलो त्यांना भरती कार्यालयात बजावण्यात आले, "कुठे होतात असं कोणी विचारलं, तर बाहेरगावी कामाला होतो म्हणायचं. जास्त बोलायचं नाही." आम्ही तसेच म्हटले. आई शेजारणींना तेच सांगत असे, आणि सांगताना माझ्याकडे बघत नसे. पहिली काही वर्षे बोलायची भीती वाटली. पुढे कोणी विचारेनासे झाले. त्यानंतर मी दुकान टाकले, संसार केला, आणि गप्प राहणे अंगवळणी पडले. हा माझा दोष आहे. याची मला लाज वाटते आणि ती या अर्जात नोंदवून ठेवावी अशी विनंती आहे.

४. तक्ता क्र. १४ मध्ये चूक आहे आणि ती माझी आहे. ती कशी झाली हे कृपया सावकाश वाचावे.

सुरुंग पुरण्याचे काम जोडीचे असे. एकाने पावले मोजत पुढे जायचे आणि दर सहाव्या पावलाला खुंटी ठोकायची, दुसऱ्याने मागून सुरुंग पुरत यायचे आणि तक्ता भरायचा. मोजपट्ट्या आम्हाला मिळत नसत, त्या तोफखान्याकडे जात. म्हणून मोजणाऱ्याचे पाऊल आधी तळावर तपासत. पाठीवर बारा किलोचे ओझे देऊन शंभर पावले चालवत, अंतर मोजत आणि शंभराने भागत. आमच्या जोडीत पाऊल माझे होते. ते पंचाहत्तर सेंटिमीटर भरले. तक्त्यात "पाऊल कोणाचे" असा रकाना असे, त्यात मोजणाऱ्याचा क्रमांक लिहायचा, म्हणजे पुढे कोणालाही पावलांचे मीटर करता येत.

माझ्या जोडीदाराला आम्ही सगळे बुटक्या म्हणायचो. त्याला राग येत नसे. "मी बुटका नाही रे, इथली जमीनच वर आलीय," म्हणायचा. त्या दिवशी दाट धुके होते, माझ्या डाव्या बुटाचा तळ निघाला होता आणि टाच सोलून सुजली होती. बुटक्या म्हणाला, "तू मागून ये. आज मी मोजतो, पावलं काय, पावलंच असतात." मोजणारा परस्पर बदलणे हा गुन्हा होता. कळले असते तर दोघांचीही धडगत नव्हती. म्हणून, आणि खरे सांगायचे तर हाताला तीच सवय असल्यामुळेही, मी रकान्यात माझा क्रमांक लिहिला. चालला तो, नोंद झाली माझी. चार महिन्यांनी बुटक्या रसद घेऊन जाताना तोफगोळ्याने गेला. रस्त्यावर गेला हे खरे आहे, दाखल्यातला तेवढा शब्द बरोबर आहे.

५. तीन वर्षांपूर्वी आपल्या पथकाने हाच तक्ता हाती घेऊन मैदान तपासले. भट्टीच्या भंगारामुळे तिथे यंत्र जागोजागी वाजते, म्हणून त्यांनी यंत्र बाजूला ठेवून तक्त्यावर भरवसा टाकला. पंपापासून चाळीस, साठ, ऐंशी आणि शंभर पावलांवर चार रांगा, प्रत्येकीत तीस सुरुंग. पंचाहत्तरने गुणून त्यांनी तीस, पंचेचाळीस, साठ आणि पंचाहत्तर मीटरवर खुणा केल्या, बाजूच्या रस्त्यावरून आत शिरून रांगेरांगेने गेले आणि एकशे वीस खड्डे खणले. काही सापडले नाही. सापडणार कसे? बुटक्याच्या पावलाने त्या रांगा तेवीस, पस्तीस, सेहेचाळीस आणि अठ्ठावन्न मीटरच्या आसपास आहेत. तिसऱ्या रांगेपासून पथक दीड मीटरवरून गेले. ती माणसे मेहनती होती, दुपारी माझ्या दुकानात पाणी प्यायला येत. मी तेव्हाही बोललो नाही. काही सापडत नाही म्हणजे कोणी आधीच काढून नेले असेल, असे मी स्वतःला समजावले, आणि रकान्याची गोष्ट मला अहवाल वाचल्यावर आठवली.

अहवालात म्हटले आहे की, "तक्ता काल्पनिक अथवा सरावाचा असावा. यावरून सदर काळात युद्ध झाले नव्हते या शासकीय भूमिकेस पुष्टी मिळते." म्हणजे माझी एक खोटी नोंद पुरावा म्हणून वर गेली. गेल्या वर्षी कुंपण मोडून एक गाय मैदानात शिरली होती. तिच्या दाखल्यावर "वीज पडून मृत" असे आहे. त्या दिवशी मी दुकानाबाहेर उन्हात कोट टाकले होते.

६. आपल्या दुसऱ्या उत्तरात, तक्त्यातील नोंद दोन्ही संबंधितांच्या सहीशिवाय बदलता येत नाही, असे कळवले. एक संबंधित मयत आहे असे मी लिहिले. त्यावर तिसरे उत्तर आले की, मयताच्या पावलाबाबत त्याच्या कायदेशीर वारसाचे ना-हरकत प्रमाणपत्र जोडावे. बुटक्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, गुडघे धरून आपल्या दुसऱ्या मजल्यावर चढल्या. लेखनिकाला म्हणाल्या, "अहो, माझी कसली हरकत? ते चालले तेव्हा मला विचारून चालले होते का?" लेखनिकाने ते जसेच्या तसे लिहून घेतले आणि मग, मयत त्या दिवशी त्या मैदानात हजर होता याचा पुरावा मागितला. सरकारी कागदाप्रमाणे तो बाहेरगावी होता. आम्ही सगळेच बाहेरगावी होतो, महोदय. इथे कोणीच नव्हते.

लेखनिक माणूस वाईट नाही. मला जिन्यात गाठून हळूच म्हणाला, "काका, लढाई लढाई करू नका. बंदोबस्त लिहा, फाईल पुढे सरकेल." सहाव्या अर्जात मी बंदोबस्त लिहिले. फाईल खरोखर सरकली आणि वाहतूक बंदोबस्ताच्या टेबलावर गेली. तिथल्या साहेबांनी मैदानाजवळ वाहने हळू चालवण्याची पाटी मंजूर केली आहे.

७. बुटक्याचे पाऊल किती होते, याचा पुरावा माझ्याकडे एकच आहे. वहिनींनी त्याची एक पँट जपून ठेवली होती, ती मी मागून आणली. आतल्या शिवणीची लांबी सव्वीस इंच. गेल्या तीन महिन्यांत सव्वीस इंची माप असलेली अकरा गिऱ्हाइके दुकानात आली. प्रत्येकाच्या पाठीवर बारा किलोचा कापडाचा गठ्ठा देऊन मी त्यांना गल्लीत शंभर पावले चालवले. ट्रायल म्हणूनच सांगितले. एक जण म्हणाला, "मास्तर, पँट शिवताय की परेड घेताय?" सरासरी अठ्ठावन्न सेंटिमीटर आली. मोजमापे सोबत जोडली आहेत.

हे अचूक नाही, हे मी लपवत नाही. पावलात दोन बोटांचा फरक पडला तरी चाळीस पावलांत दीड मीटर होतो. कापडात असे झाले तर शिवण दाबून घेता येते. इथे खात्री फक्त एवढीच की पंचाहत्तर तरी नाही.

८. माझी मुलगी या शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवणार आहे. वर्गात अडतीस मुले आहेत. तिला मी सगळे सांगितले आहे, आणि तिचा माझ्यावर विश्वास आहे. तिने मुख्याध्यापकांना सांगितले, त्यांनी आपला दाखला दाखवला. पालकांना सांगितले, तर पालक म्हणाले, "बाई, तुमचे वडील थकलेत. त्या वेळी इथे कुठे लढाई झाली होती?" बोलणाऱ्यांपैकी दोघांचे काका त्या चौसष्टांत आहेत.

परवा जेवताना ती म्हणाली, "बाबा, मी रजा टाकली तर दुसऱ्या बाई रांग घेऊन जातील. मग मीच जाते. रांगेत बाई सगळ्यात पुढे असतात. काही असलंच तर..." वाक्य तिथेच सोडून ती मला आमटी वाढू लागली. एकेचाळीस वर्षांपूर्वी तक्ता भरताना मी शिक्षेला घाबरलो होतो. ती शिक्षा दोन दिवसांची कोठडी असती.

९. तरी आपणांस हात जोडून विनंती की, सोमवारच्या आत पथक पाठवून मैदान अठ्ठावन्नच्या हिशेबाने तपासावे. पथक नसेल तर फाटकाला कुलूप लावावे. कुलूप लावण्याचा अधिकार या शाखेस नसेल, तर तो कोणास आहे ते पत्र आणणाऱ्याला तोंडी सांगावे, मी आजच तिकडे जाईन. लढाई झाली होती असे कबूल करण्याचा आग्रह मी सोडत आहे. बंदोबस्त म्हणा, अपघात म्हणा, सराव म्हणा.

रविवारी संध्याकाळपर्यंत कोणी आले नाही, तर सोमवारी सकाळी सात वाजता मी स्वतः पंपाजवळून आत जाणार आहे. जिथे जिथे माझ्या हिशेबाने सुरुंग आहे, तिथे अलीकडे थांबून पांढऱ्या अस्तराची चिंधी बांधलेली खुंटी ठोकत जाईन. अडीच तासांत किती होतील सांगता येत नाही. शूर वगैरे मी नाही. पण दोन्हींपैकी काहीही झाले तरी साडेनऊला मुलांची रांग आत जाणार नाही. चिंध्या दिसतील, नाहीतर आवाज ऐकू येईल. मी जिथे थांबेन तिथून पुढचे माप आपल्या पथकाने घ्यावे.

तसदीबद्दल क्षमस्व.

आपल्या उत्तराची सातव्यांदा वाट पाहणारा,
आपला नम्र,
(सही)
टेलर मास्तर,
दवाखान्यासमोरचे दुकान.
गुरुवार, दि. ५ मार्च

सोबत : (१) तक्ता क्र. १४ ची नक्कल, "पाऊल कोणाचे" या रकान्यात लाल शाईने दुरुस्तीसह. (२) अकरा गिऱ्हाइकांची मोजमापे, सह्यांसह. (३) वहिनींचे ना-हरकत, अंगठ्यासह. (४) पँट, एक. काम झाल्यावर वहिनींना परत करावी.

ता. क. : या अर्जाची पोच कृपया दुकानाच्या पत्त्यावर पाठवावी. घरचे टपाल मुलगी उघडते.