सव्वा मूठ

२४ जुलै २०२५, गुरुवार
आज आलेले: साखर दोन किलो, ८८ रु. कानबाईच्या रोटासाठी चणाडाळ एक किलो, ९० रु. शिरपूरहून टपालाने पार्सल एक, खर्च काही नाही, तिकिटे त्यांचीच. पाठवणार धर्मेंद्र, आपल्या मेघाचा नवरा. आत दोनशे पानी वही, मेघाचे अक्षर. सोबत चिठ्ठी: वही आईकडे जावी असे ती म्हणत होती.
मेघाला जाऊन तीन महिने सतरा दिवस. फोन ह्यांच्या मोबाईलवर आला होता. तापाने गेली, एवढेच मला सांगितले. आम्ही गेलो नाही. शिंदखेड्याहून शिरपूर एस.टी.ने तासाभराचे!
वही उघडली नाही. देवापुढे ठेवली.

२५ जुलै
वहीवर नाव 'ड्रॅगनांचा इतिहास'. ड्रॅगन म्हणजे पंखांचा, आग ओकणारा मोठा साप. देश मनातला — सातशिखर. डोंगरातले ड्रॅगन वेगळे, नदीतले वेगळे. नदीतल्यांचे पंख पाण्याने झडले, आग विझली, नुसता कढत श्वास उरला. थंडीत पहाटे पाण्यावर वाफ दिसते ती त्यांची.
तापीवर ती वाफ मी कितीदा पाहिली आहे.

२७ जुलै, रविवार
पहिला ड्रॅगन कसा झाला ते पान आज आले. उतरवून घेते.
"पहिला ड्रॅगन जन्मला नाही. एका घरात पाच माणसे होती आणि मुठी चारच पडल्या. पाचवी मुलगी चुलीपुढे बसून निखारे खाऊ लागली. सातव्या दिवशी तिला पंख फुटले. ड्रॅगन आग ओकतात ती रागाने नव्हे. पोटातले निखारे थंड होत नाहीत म्हणून."
श्रावणात कानबाई देवी बसते; तिच्या रोटाला, म्हणजे घरच्यांच्या प्रसादाला, आम्ही माणशी सव्वा मूठ गहू घेतो, एकेकाचे नाव घेऊन. ज्याची मूठ नाही, तो घरचा नाही. चार वर्षांपूर्वी मेघाने धर्मेंद्रचे नाव घरात काढले. हे म्हणाले, "तिनी मूठ लेवानी नही." मी घेतली नाही. ती समोरच सूप धरून बसली होती. हे नुसते बोलले — हात माझा होता. आठ दिवसांनी ती घर सोडून धर्मेंद्रकडे गेली.

२९ जुलै, नागपंचमी
भिंतीवर चंदनाचा नाग काढला. हाताने आपोआप पंख काढले. लहानपणी मेघा असेच काढायची, म्हणून मी तिच्या बोटांवर मारले होते.
हे म्हणाले, "नागले पंख कसाले?"
धाकटी जाऊ कमलबाई म्हणाली, "शिरपूरलगून उडी जावाले, नाना."
ह्यांनी चहा अर्धा ठेवला.

३१ जुलै
शेवटचे पान. "ज्या घरात ड्रॅगनच्या नावाने मूठ पडते, त्या घरी तो पंख मिटून उतरतो. नाव मात्र मोठ्याने घ्यावे लागते."
खाली खडूच्या रेघोट्या, आणि लाल रंगात हाताचा ठसा. एवढासा. वाटले, मेघाचाच लहानपणचा. पण वहीवर दुकानाचा शिक्का आहे, २०२४ चा.
पान ह्यांच्यापुढे धरले. हे म्हणाले, "धर्मेंद्रना फोन उना तवयच त्यानी सांगेल व्हतं. पोर शे. दीड वरीसनी."
दीड वर्षाची नात. पावणेचार महिने मी ह्यांना रोज ताट वाढले.

१ ऑगस्ट
काही नाही. गहू निवडले.

२ ऑगस्ट, शनिवार
मुठी घेतल्या. पहिली मेघाची, मोठ्याने नाव घेऊन. कमलबाईचे सूप थांबले. हे ओट्यावर होते, ऐकले असेल. कुणी अडवले नाही.
मग पत्र टाकून आले. नक्कल ठेवते:
चि. धर्मेंद्र यांस आशीर्वाद. वही पोचली. उद्या कानबाई बसते. नातीचे गहू सव्वा मूठ वेगळे बांधून ठेवले आहेत, दळलेले नाहीत. नावावाचून मूठ लागत नाही. तिचे नाव काय ठेवले, ते उलट टपाली कळवावे.