बिशपच्या शब्दावाचून भाकरी

आईस रोगाताचा नमस्कार आणि प्रभूची शांती.

अंजीर पोचले. मी बरी आहे. तुझा गुडघा कसा आहे?

तुझ्या जावयाचा ताप मात्र उतरत नाही. गेल्या वर्षी शिपायांच्या धाकानं त्यांनी बादशहाच्या मूर्तीपुढे चिमूटभर धूप टाकला, तेव्हापासून प्रार्थनेत सगळ्यांना मिळणारी प्रभूची भाकरी त्यांना बंद आहे. धूप टाकायला नकार देऊन तुरुंगात गेलेल्या दादानं तिथून यांच्यासाठी माफीची चिठ्ठी दिली. पूर्वी अशा कैद्याची चिठ्ठी पुरायची. आता पाद्री फेलिक्स म्हणतात, "पोरी, बिशपच्या शब्दाशिवाय माझे हात बांधलेले आहेत." बिशप शिपायांपासून लपून बसलेत, उत्तर यायला पंधरा दिवस. तुझे जावई तर पाच दिवसही काढणार नाहीत गं, आणि भाकरीवाचून मरायची त्यांना भीती वाटते.

तुमच्या गावचे म्हातारे पाद्री अजून कुणाला न विचारता भाकरी मोडतात ना? एक तुकडा हे पत्र आणणाऱ्या खेचरवाल्याजवळ लगेच दे.

हे विचारतील, बिशपनं दिली का. मी हो म्हणेन.

तुझी रोगाता