मागच्या पडवीतले जीव

३ जुलै

किडे! माझ्या घरात!

अनवरीनं आज सकाळी एक निळा टब आणून मागच्या पडवीत ठेवला. आत लाल गांडुळं. निमगाव साव्याच्या रखमाजीकडून आणलीत म्हणे, तो गांडूळ खत करून विकतो. तिच्या गच्चीवर ऊन फार, माझ्या पडवीत सावली. खत होईल ते दोघींच्या गुलाबांना निम्मं निम्मं. सगळं ठरवूनच आली होती बाई. मी नको म्हणेपर्यंत पायऱ्या उतरून गेलीसुद्धा.

तीस वर्षं भिंतीला भिंत लावून राहतोय आम्ही बेल्ह्याच्या पेठेत. तिचा अन्सार गाद्या भरतो. आमचं किराणा दुकान आहे – होतं. हे होळीनंतर गेले, तेव्हापासून शटर खालीच आहे.

उद्या सांगणार आहे, घेऊन जा म्हणून.

५ जुलै

सांगितलं नाही अजून.

८ जुलै

आज टबावरचं गोणपाट उचलून पाहिलं. उजेड पडला की काय धांदल उडते त्यांची! अनोळखी पाहुणे आले की लहानपणी मी अशीच माजघरात पळायचे. लगेच झाकून टाकलं.

मुंग्या लागू नयेत म्हणून टबाला टेकू दिलेल्या विटांखाली पाण्याच्या थाळ्या ठेवा, असं अनवरी म्हणाली. म्हणजे मुंग्या बुडून मरायच्या! गांडुळं जगवायला मुंग्या मारू? राखेची रेघ ओढली भोवती. ती म्हणे, पावसाची झड आली की धुऊन जाईल. जाऊ दे. परत ओढीन. मला दुसरं काम काय आहे?

१४ जुलै

दुधीच्या साली, केळीची सालं, चहाचा चोथा, भिजवलेला पुठ्ठा – एवढं चालतं त्यांना. कांदा नको, लसूण नको, हे रखमाजीनं बजावलंय. अनवरी म्हणाली, "भाभी, ही तर तुमच्यातलीच, जैन निघाली की!"

हसले मी. इतक्या दिवसांनी हसले की माझाच आवाज मला परका वाटला.

ती रोज जेवणाआधी येते. पाटावर बसते, साली बारीक चिरते, तोंड चालूच. सून, म्हणजे हमदानची बायको, कशी फटकळ आहे, अन्सारची कंबर कशी धरते. मी नुसती हूं हूं करते. ती गेली की भांडी घासताना मुद्दाम आपटते मी. तेवढाच आवाज.

२० जुलै

कल्पेशचा पुण्याहून फोन. "मम्मी, एकटीचा जीव रमतो का गं तिथे?" म्हटलं, एकटी कुठली, पडवीत हजारभर जीव आहेत! हसला नाही. दिवाळीनंतर घर भाड्यानं देऊ, तू इकडेच ये, म्हणाला. त्याचं घर नवव्या मजल्यावर. मुलगा चांगला, सून चांगली, सगळं चांगलं – फक्त दिवसभर घरात कोणी नसतं. बेल वाजली की कुरियरवाला.

बघू म्हटलं. अनवरी शेजारी आहे तोवर मी इथून हलणार नाही. हे त्याला सांगितलं नाही. तिलाही नाही. कशाला चढवून ठेवायचं?

१ ऑगस्ट

पहिलं खत निघालं. चहापूडच जणू! एका बाजूला नवा चारा टाकून वाट पाहिली, गांडुळं आपण होऊन तिकडे सरकली. एकही जीव दुखावला नाही. अनवरी म्हणाली, उन्हात पसरलं असतं तर तासात झालं असतं. मला तास नको होता. मला चार दिवस काम हवं होतं.

२० ऑगस्ट

उद्यापासून आमचं पर्युषण. आठ दिवस हिरवी भाजी बंद, मग साली कुठल्या? माझ्याबरोबर ह्यांनाही उपवास! उपवासाच्या आदल्या दिवशी आपण धारणा करतो, पोटभर जेवून घेतो, तशी त्यांचीही केली. मुगाची खिचडी, वर तूप, वर ताक. पातेलंभर. खा बाबांनो.

कोणासाठी तरी पातेलंभर रांधलं आज. बरं वाटलं.

२२ ऑगस्ट

टबाला आंबूस वास येतोय. गांडुळं काठावर चढून आलीत, गोणपाटाला चिकटलीत. हळूच आत सोडते, परत वर! जैन स्थानकात सामायिकाच्या ध्यानाला बसले तरी लक्ष इकडेच.

अनवरीला बोलावून दाखवलं. वास घेतला. बघते म्हणाली.

२३ ऑगस्ट

हात अजून ओलाच आहे. तरी लिहिते.

मी स्थानकातून आले तर अनवरी टबापाशी बसलेली. वर पांढरी पूड भुरभुरलेली होती. मला वाटलं पीठ असेल, मी हातानं मिसळूही लागले. मग विचारलं, काय गं हे? तर कौतुकानं सांगते – अंड्याची टरफलं! धुऊन, वाळवून, मिक्सरला लावून आणली म्हणे.

अंडं! पर्युषणात! माझ्या हाताला!

काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. एक आठवतं. "तुमच्या हातचं माझ्या घरात नको. आधीपासूनच नको होतं." तिला मी कधी तुमच्या म्हणत नाही, तुझ्या म्हणते. आज तुमच्या म्हणाले, आणि तिला बरोबर कळलं की एकट्या तिच्याबद्दल नाही बोलले मी.

ती उठली. पदराला हात पुसले. गेली.

मी साबणानं हात धुतले, डोक्यावरून पाणी घेतलं. वरवरची पूड चमच्यानं काढून टाकली.

२४ ऑगस्ट

आली नाही. न येऊ दे. चूक तिची आहे.

२५ ऑगस्ट

पाट भिंतीला उभा करून ठेवला. जाता येता नजर जाते. मग उचलून माळ्यावर टाकला.

टबात गांडुळं मरायला लागलीत. मऊ पडून, एकावर एक. पर्युषणात माझ्या हातून हे पाप! शेवटी रखमाजीला फोन लावला. खिचडी-ताकाचं ऐकून आधी तो हसला. मग म्हणाला, "आवं, आंबाट झालंय ते. अंड्याचं टरफल वाटून टाका, लई गुणाचं. दुसरं औशीद नाय." आमच्यात नाही चालत ते, म्हटलं. आडनाव विचारलं त्यानं. सांगितलं तेव्हा म्हणाला, मग खिचडी उपसून काढा, सुका पाला, पुठ्ठा घाला, हवा लागू द्या, आणि पांढरी रांगोळी भुरभुरा. दगडाचीच असते ती, तिच्यानंही आंबट मोडतं.

म्हणजे औषध आणलं होतं तिनं.

२६ ऑगस्ट

उद्या गणपती, पेठेत रांगोळीचे ढीगच ढीग. आणली. टबातली खिचडी उपसली, पाला घातला, वर रांगोळी. निम्मी तरी गेली असतील. जी राहिली ती खाली शिरलीत. वास कमी आहे.

हे कोणाला सांगू? सांगायला एकच माणूस होतं.

२७ ऑगस्ट

कल्पेशला फोन केला. येते म्हटलं. दिवाळीनंतर कशाला, त्याआधीच येते. त्याला काय आनंद झाला! मला झाला नाही. टब रखमाजीला परत देऊन टाकीन. भिंतीपलीकडे अन्सार खोकतो ते ऐकू येतं, तिचा आवाज मात्र येत नाही. माझ्यामुळे ती तिच्या घरातही हळू बोलते की काय?

२८ ऑगस्ट

संवत्सरी, पर्युषणाचा शेवटचा दिवस. कडक उपवास. प्रतिक्रमणात चौऱ्याऐंशी लाख योनींची क्षमा मागितली, मेलेल्या गांडुळांची वेगळी मागितली. पुण्याच्या भाचीला, मंचरच्या जावेला फोनवर, ज्यांच्याशी माझं कधी भांडणही झालं नाही अशा सगळ्यांना हात जोडले.

परतताना अनवरीच्या दारात गेले. वर्षानुवर्षं म्हणते तेच म्हटलं – मिच्छामि दुक्कडम्, जाणता-अजाणता मन दुखावलं असेल तर क्षमा कर.

ती चौकटीतच उभी राहिली. म्हणाली, "भाभी, आज तुमी साऱ्या जगाची माफी मागता. किड्यामुंगीची बी मागता. त्यात मला नका धरू."

मी काही बोलणार तोच म्हणाली, "आन् अजाणता नव्हतं ते."

दार लावलं. आपटलं नाही, हळूच लावलं.

खरं आहे. सगळ्यांना वाटतात त्या पेढ्यांसारखी क्षमा तिच्या हातावर ठेवायला गेले होते मी.

२९ ऑगस्ट

पारणं न करताच गेले. त्या दिवशी बोललेली दोन्ही वाक्यं तिच्यासमोर जशीच्या तशी म्हटली. तुमच्या हातचं, आणि आधीपासून. म्हटलं, हे मी जाणून बोलले, तुला लागावं म्हणून बोलले. तशीच हात जोडून उभी राहिले. रडूही येईना.

अनवरी आत गेली. तांब्याभर पाणी घेऊन आली आणि माझ्यासमोर धरलं. "गाळलेलं हाय. उकाळलेलं नाय. बगा."

चातुर्मासात उकळलेल्याशिवाय पाणी घ्यायचं नाही असा माझा नेम. आणि त्या घरचं तर उकळलेलंही तीस वर्षांत कधी घेतलं नव्हतं.

प्यायले. मग अजून मागितलं.