एकच ताट ठेवलं आहे

शिरपूर
१२ जानेवारी १९९२

द्रौपदाअक्कास यादवचा जय भीम.

मी बरा आहे. घरातल्या वस्तू मी वाटून टाकल्या, हे तुला गुलाबने सांगितलंच असेल. त्याला म्हणावं, मामा भिक्खू-बिक्खू होत नाहीये, नोकरी चालू आहे.

लिला गेल्यावर कपाट, टीव्ही, मिक्सर नुसते उभे होते. त्यांच्यावरची धूळ मी किती दिवस पुसणार? शेजारी देऊन टाकलं. गादीही दिली. सतरंजीवर झोप लागते. कळण्याची भाकरी आता करपत नाही, सोबत ठेचा असला की भागतं. माणसाला फार लागत नाही, अक्का. वाईट वाटत नाही. घर झाडायला सोपं झालं, एवढंच.

तुझे गुडघे कसे आहेत? गुलाबच्या लग्नाचं कुठे जमतंय का?

थंडी सरली की चार दिवस ये. फक्त येताना तुझं ताट घेऊन ये. माझ्याकडे एकच आहे. माझं झालं की लिला त्याच ताटात वाढून घ्यायची, तुला ठाऊक आहे. जेवण झाल्यावर ते मी अजून लगेच उचलत नाही.

तब्येतीला जप.

तुझा भाऊ,
यादव