काचेतली नवरी

चैत्र वद्य ५, शके १८५५. बीड

विकणार नाही! धोंडीराम भावजी आज गिऱ्हाईक घेऊनच दारात. तो मेला ह्यांचा कॅमेरा वांगं निवडल्यासारखा उलटापालटा करून बघत होता. "वैनी, दादा गेले. आता कावून हट्ट? बिनकुंकवाच्या बाईनं लग्नाकार्यात ह्यो फोटूचा डबा घेऊन हिंडायचं म्हंजे—" पुढचं बोलले नाहीत, एवढी मेहरबानी. ह्यांचे हात शेवटची दोन वर्षं थरथरत होते. तेव्हा फोटो कोण काढत होतं? मी! भावजींना ठाऊक आहे, गावाला नाही.

चैत्र वद्य ९

युसूफ वडगाव या गावी मी जाऊन आले. तिथल्या अर्जुनरावांच्या पुतणीचं, शिवकन्येचं लग्न आहे. बायकांत परका पुरुष नको, म्हणून माझी आठवण. त्यांच्या मंडळींनी, छबुबाईंनी, आधी माझं कपाळ बघितलं. "नवरीवर हिची नजर न्हाई पडली पायजे."

मी म्हटलं, "मी नवरीकडं बघतच न्हाई. डबा पोटाशी, मान खाली. वरच्या काचेत ती दिसती, तेवढंच बघते."

अर्जुनराव हसले. "बराबर हाय की!"

जमलं! पण घरात कर्ते भावजी. त्यांची अट — या लग्नातून एक जरी तक्रार आली, तर कॅमेरा गिऱ्हाइकाचा. बरं. बघू या.

वैशाख शुद्ध ६

रोल भरला. आठच फोटो निघतात. काच दोनदा पुसली.

वैशाख शुद्ध ८

काल लग्न झालं. उजेडासाठी मांडवाची एक बाजू उघडायला लावली. पुरुषमंडळी कुरकुरली, पण उघडली. बायकांचे, नवरीचे मिळून सात फोटो झाले. आठवा अक्षतांसाठी ठेवला. गर्दीत उभं राहायला जागा मिळाली ती कोठीच्या खोलीच्या दारात. आत कुणीतरी बसलेलं.

नवरीची आई! सुंदरबाई. नवरा वारलेला, म्हणून पोटच्या पोरीच्या लग्नात धान्याच्या पोत्यांमागे बसवलेली. कन्यादानाला चुलता-चुलती. माझं डोकंच फिरलं.

"दार उघडं हाय. बघा की."

"नगं बाई. माझी नजर बाधंल पोरीला."

"मग काचेत बघा."

तिला दाराच्या आत उभं केलं, कॅमेरा तिच्या पोटाशी धरला. तिनं मान खाली घातली ती वर करेचना. "लई बारीक दिसती," म्हणाली. "पण माझीच हाय." मंगलाष्टकं संपत आली तसा मी तिचा अंगठा खटक्यावर ठेवला. अक्षता उडाल्या. "दाबा!" तिनं दाबला.

वैशाख शुद्ध ११

रोल धुतला. आठवा जरा तिरका आलाय. आणि सगळ्यांत चांगला आलाय! अक्षता हवेत, सगळ्यांच्या माना नवरदेवाकडे, आणि शिवकन्या एकटी कोठीच्या दाराकडे बघतेय. माझ्या सातांत असा एक नाही. हेवा वाटला. खोटं कशाला लिहू?

वैशाख वद्य २

नमुने बघून अर्जुनरावांचा निरोप आला. आठवा फोटो दर्शनी सोप्यात लावणार, खाली तुमचं नाव घालून द्या. कोपऱ्यात पांढऱ्या शाईनं काढणाऱ्याचं नाव घालायची आमची रीत आहे. ती दोन वर्षं मी काढलेल्या फोटोंवर मीच ह्यांचं नाव घालत होते. मायेनं घालत होते, पण मनात सलायचं. ते आता दुसऱ्या बाईच्या वाट्याला माझ्या हातून यायचं नाही.

सातांवर माझं नाव घातलं. आठव्यावर — सुंदरबाई. चांगलं ठळक. आज सगळे पाठवून दिले. काय होणार ते मला कळतं. होऊ दे!

वैशाख वद्य ७

सात फोटो तक्रारीसकट परत आले. भावजी कॅमेरा घेऊन गेले. आठवा परत आला नाही. शिवकन्या माहेरी आली होती, ती तो सासरी घेऊन गेली.