नर्स येण्याआधी वाच

एस्किल,

पप्पांच्या पायाची पट्टी बदलायला अकरा वाजता नर्स येईल. तिने पिशवी उघडण्याआधीच सांग, क्लोरहेक्सिडिन अजिबात नको, जखम फक्त सलाइनने धुवायची. "अहो, ते औषध नाही, नुसतं जंतुनाशक आहे," असं ती म्हणेल. ऐकू नकोस. गेल्या आठवड्यात जखम धुतल्यावर त्यांचा श्वास बंद झाला तो त्यानेच. काल रक्ताच्या तपासणीत नक्की झालं.

पुन्हा तसं झालं तर टेबलावरचं इंजेक्शन मांडीत बाहेरच्या बाजूला दे, विजारीवरूनच, आणि लगेच रुग्णवाहिका बोलाव.

गुळण्यांची बाटली मी फेकली. त्यातही तेच होतं. दात काढल्यापासून मीच त्यांना ती देत होते. प्रयोगशाळेत प्रत्येक लेबल वाचते, हे वाचलं नाही. ओठ खाजतात म्हणाले, तेव्हा मी म्हटलं, "दाढी करा पप्पा, मग नाही खाजणार." हसले बिचारे. दवाखान्यात अ‍ॅलर्जीचं विचारलं, तेव्हा "काहीच नाही" हे उत्तरही माझंच.

माशाचं सूप फ्रीजमध्ये आहे. मी पाचच्या बोटीने येईन. बाटलीचं त्यांना अजून माहीत नाही. तू सांगू नकोस, मी सांगेन.

रागन्हिल