लाल गालिच्यावरून वर

खोली क्रमांक ३१४, स्टेशनचं हॉटेल, ग्लासगो
शनिवार

प्रिय एफी आत्या,

तुझ्या गुडघ्यांना आणि तुझ्या मांजराला आदरपूर्वक नमस्कार. दोघंही कुरकुरत असतील, म्हणजे ठणठणीत असतील असं धरून चालतो.

मंगळवारी दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी माझं आयुष्य बदललं. तोवर मी याच हॉटेलात पितळी बटणांचा कोट घालून गाडीतून उतरलेल्यांच्या बॅगा उचलत होतो (कॉलेज अर्ध्यावर सोडल्यावर माणसानं काहीतरी उचलायला हवंच). आम्हा नोकरांना मागचा लोखंडी जिना. पुढचा, लाल गालिच्याचा, फक्त पाहुण्यांचा. त्या दिवशी मी घाईत गालिच्यावरून चढलो, आणि हेड पोर्टर मिस्टर गिलेस्पी सगळ्या लॉबीला ऐकू जाईल असं ओरडले, "खाली उतर रे रोरी! तुझ्या सात पिढ्यांत कुणासाठी गालिचा अंथरलाय का?" आत्या, आजोबांनी याच स्टेशनातून निघणाऱ्या इंजिनांत चाळीस वर्षं कोळसा टाकला, आणि हा माणूस आपल्या पिढ्या काढतो! मी तिथंच कोट काढून त्यांच्या हातात दिला. म्हटलं, "शनिवारी याच जिन्यानं चढेन, रात्रभर राहीन, आणि माझी बॅग तुम्ही उचलाल!" चहाच्या दालनातली इशबेल ट्रे घेऊन शेजारीच उभी होती, हा योगायोग. शनिवार हा तिचा इथला शेवटचा दिवस (सोमवारपासून ती इन्व्हरनेसच्या हॉटेलात), हाही योगायोग. प्रश्न निव्वळ स्वाभिमानाचा आहे.

तर आज आलो. बॅगेत कॉलेजची सगळी पुस्तकं कोंबली होती (आयुष्यात पहिल्यांदाच उपयोगी पडली). गिलेस्पींनी ती कुठंही न थांबता तीन मजले वाहिली आणि दारात ठेवून म्हणाले, "पुस्तकं वाटतं, सर. न उघडलेली वजनाला नेहमीच जास्त भरतात."

मग चहाला उतरलो आणि माझं गणित फसलं. नोकर होतो तेव्हा रोज इशबेलच्या शेजारी बसून सूप प्यायचो. पाहुण्यासोबत मात्र नोकरानं बसायचं नाही, ऑर्डरीपलीकडे बोलायचं नाही. हा नियम नव्या पोरांना मीच शिकवायचो, आत्या!

"बस ना, इशबेल."

"परवानगी नाही, सर."

"सर काय? मी रोरी आहे!"

"चहा की कॉफी, सर?"

मग मी ऑर्डरीच द्यायला लागलो. दर ऑर्डरीमागे एक वाक्य. पहिल्या किटलीबरोबर तिचे डोळे, दुसरीबरोबर माझं भविष्य (हे लवकर आटोपलं), काकडीच्या सँडविचबरोबर लग्न. ती वहीत लिहीत होती. "लग्न," ती म्हणाली, "आणि सोबत जॅम, सर?"

सहाव्या किटलीनंतर बशी उचलायला वाकून ती पुटपुटली, "गाढवा, मंगळवारी सूप पिताना विचारलं असतंस तर मंगळवारीच हो म्हटलं असतं. पाहुण्याला मी उत्तर देत नाही. सहाला मागच्या दारानं निघतेय, तिथून थेट गाडी."

म्हणजे मी रात्रीआधी हॉटेल सोडायचं! गिलेस्पींनी लॉबीत आधीच जाहीर केलंय की हा पोरगा जेवणापर्यंतही टिकणार नाही. पण मी शब्दाचा पक्का आहे. जगात कुणासाठीही या खोलीतून हलणार नाही.

तुझा ताठ मानेचा भाचा,
रोरी

ता. क. : हलतोय.

ता. क. २ : खरं काम राहिलंच. आई अजून समजते की मी तिसऱ्या वर्षाला आहे. तिला तूच सांग. आधी बसव, मग कॉलेज, मग नोकरी, मग लग्न, याच क्रमानं. मला काही सांगायचं असेल तर पत्ता इन्व्हरनेसचा.

ता. क. ३ : पाहुण्यांना मागच्या जिन्यानं उतरायला सक्त मनाई आहे, आणि गिलेस्पी नेमके त्याच्या तोंडाशी उभे आहेत (आत्ताच दारातून डोकावून पाहिलं). अडवू देत. म्हणू देत काय ते! सहाला सात मिनिटं कमी आहेत. हे पाकीट खिशात घालतोय, किल्ली आतच ठेवतोय आणि दार ओढून घेतोय.